दुर्मीळ म्हणायच्या आधी

रायगड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अलिबागचा किनारा येतो. कर्जत आणि खालापूर हे त्याच जिल्ह्याचे तालुके, पण त्यांच्या वाट्याला समुद्र नाही. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला बोरघाट, मधून उल्हास आणि पाताळगंगा. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही तालुक्यांची मिळून लोकसंख्या चार लाखांच्या थोडी वर भरली. या चार लाखांत क्षयाचे रुग्ण किती, कुष्ठाचे किती, हिवतापाचे किती, याच्या नोंदी आरोग्य खातं ठेवतं, कारण ते त्याचं ठरलेलं काम आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ज्याला नुसतं ‘एमएस’ म्हणतात, त्याचे रुग्ण किती, हे विचारलं तर मात्र वही उघडायलाही कुणी नसतं. हा आजार सरकारला कळवण्याचं बंधन डॉक्टरांवर नाही आणि त्याच्यासाठी घरोघर फिरणारी मोहीमही नाही.

अंदाज तेवढा करता येतो. मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे लाखामागे साधारण आठ जणांना एमएस असल्याचं आढळलं. तोच दर कर्जत-खालापूरला लावला तर तीस-पस्तीस माणसं निघतात. शहरातला दर डोंगरातल्या ठाकूरवाडीला आणि कातकरीवाडीला जसाच्या तसा लावणं शास्त्राला धरून नाही, हे मान्य. तरी उत्तर शून्य नसावं, एवढं त्यातून नक्की कळतं. या तीस-पस्तीस जणांपैकी काहींची नावं मुंबई-पनवेलच्या रुग्णालयांत असतील. काहींच्या फायलीवर भलत्याच आजाराचं नाव असेल आणि काहींची फाइलच झाली नसेल.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी सबंध हिंदुस्थानचीच ही अवस्था होती. एमएस हा थंड मुलखातल्या गोऱ्या माणसांचा आजार, तो इकडे होत नाही, झालाच तर अपवाद, असं पाठ्यपुस्तकं शिकवत होती. ती समजूत मुंबईतल्या काही न्यूरॉलॉजिस्टनी बदलली. त्यात आघाडीचं नाव डॉ. नोशीर वाडिया यांचं. त्यांनी आजार बरा करणारं औषध शोधलं नाही. त्यांनी आणि त्यांच्या बरोबरच्यांनी रुग्ण ओळखले, नोंदले आणि मोजले. या कामाला टाळ्या कमी पडतात, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं.

आजार आहे तरी काय

मेंदूतून निघालेला निरोप पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचतो तो मज्जातंतूंतून. यातल्या वेगवान तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं. हे आवरण सलग नसतं. ठरावीक अंतरावर त्यात फटी असतात आणि निरोप एका फटीतून दुसरीत उडी घेत जातो. कर्जतहून सुटलेली फास्ट लोकल कल्याण सोडल्यावर डोंबिवली, ठाणे, घाटकोपर, दादर अशा उड्या मारते, तसाच. आवरण असलेल्या जाड तंतूतून निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो, बिनआवरणाच्या बारीक तंतूतून जेमतेम एक-दोन मीटर. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांमागच्या नसा इथलं मायलिन शत्रूचं समजून कुरतडते. मग फास्ट गाडीची स्लो होते, मध्येच सिग्नलला उभी राहते आणि कधी रद्दच होते. जिथे कुरतडलं जातं तिथे कडक चट्टे उरतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तीं शार्को यांनी १८६८ मध्ये या चट्ट्यांची आणि रुग्णाच्या लक्षणांची सांगड घातली. आजाराला नाव मिळालं ते त्या चट्ट्यांवरूनच.

आजार बहुधा विशी ते चाळिशीत उगवतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून जास्त प्रमाणात होतो. म्हणजे घर, नोकरी, शेत आणि लेकरं यांचा भार ज्या वयात खांद्यावर असतो, नेमक्या त्याच वयात. सुरुवात अनेक तऱ्हांनी होते. एका डोळ्याने धूसर दिसतं आणि तो डोळा फिरवला की दुखतो. पायांना मुंग्या येऊन त्या कमरेपर्यंत चढतात. पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. चालताना पाय फरफटतो. लघवी अडते किंवा आवरत नाही. मान खाली घातली की पाठीतून वीज उतरल्यासारखी कळ जाते.

आणि मग, काही आठवड्यांत, यातलं बरंचसं आपोआप ओसरतं. आजाराची खरी फसवणूक इथे आहे. जो शेवटचा उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं: गावातल्या डॉक्टरच्या सलाइनला, ताकदीच्या इंजेक्शनला, मालिशवाल्याला, भगताच्या अंगाऱ्याला. दुसरा झटका वर्षा-दोन वर्षांनी येतो, तोही शरीराच्या वेगळ्याच भागात. डोळ्याचं त्या वेळी डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलेलं असतं, आता पायासाठी हाडांच्या डॉक्टरकडे जाणं होतं. तिथे ‘मणक्यात गॅप आहे’ असं निदान पदरात पडतं. बाईमाणूस असेल तर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावरही बोळवण होते. दोन झटक्यांना एका धाग्यात ओवणारा माणूस मध्ये कुठेच भेटत नाही. तो माणूस म्हणजे न्यूरॉलॉजिस्ट, आपल्याकडे लोक ज्याला ‘नसांचे डॉक्टर’ म्हणतात.

जे. जे. मधली हातोडी

नोशीर होरमसजी वाडिया यांचा जन्म १९२५ चा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले आणि लंडनमध्ये रसेल ब्रेन यांच्या हाताखाली तयार झाले. ब्रेन हे त्या काळातलं मोठं नाव; मज्जासंस्थेच्या आजारांवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर वाचलं जाई. वाडिया तिकडे राहिले नाहीत. १९५७ मध्ये ते परतले आणि ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग त्यांनी उभा केला. ही विद्या तेव्हा देशात नुकतीच मूळ धरत होती. न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५१ मध्ये मद्रासला स्थापन झाली, तेव्हा चार डॉक्टर एकत्र आले होते.

मुंबईत त्या काळी ‘ऑनररी’ची पद्धत होती. नामांकित डॉक्टर सकाळी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जवळजवळ विनामूल्य काम करत आणि दुपारनंतर स्वतःचा दवाखाना बघत. त्यामुळे शहरातली उत्तम नजर गरिबातल्या गरीब रुग्णालाही लाभत असे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, मोठ्या आजाराला मुंबईची सरकारी इस्पितळं हाच मार्ग होता. कर्जत-खालापूरच्या लोकांना तर रेल्वे हाताशी. बोरघाटातून आगगाडी १८६३ पासून धावते. भायखळ्याला उतरलं की जे. जे. पायी गाठता येतं.

अशा रुग्णालयात साठच्या दशकात एखादा तरुण ताठरलेले पाय ओढत आला, तर डॉक्टरच्या मनात एमएस सर्वांत शेवटी यायचा. आधी पाहायचा मणक्याचा क्षय. मग पोषणाची कमतरता, लाखीच्या डाळीने होणारा पांगळेपणा, उपदंश. मानेतले पहिले दोन मणके जन्मजात सरकलेले असतील तर त्यांचाही दाब मज्जारज्जूवर येतो. या विकाराच्या २८ रुग्णांवरचा वाडियांचा निबंध १९६७ मध्ये ‘ब्रेन’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. हे सगळं वगळत वगळत एमएसपर्यंत यायचं, आणि तेही सीटी स्कॅन किंवा एमआरआय नसताना. हाताशी काय होतं? रबरी हातोडी, टाचणी, कंप पावणारा चिमटा, डोळ्याचा पडदा बघायचं यंत्र, मणक्यातलं पाणी काढायची सुई आणि फार तर रंगद्रव्य सोडून घेतलेला एक्स-रे.

शिवाय एमएसच्या निदानाला तेव्हा एक अट होती. मज्जासंस्थेला झालेली इजा एकाहून अधिक जागी आणि एकाहून अधिक वेळी झाल्याचं सिद्ध व्हावं लागे. म्हणजे रुग्ण पुन्हा यावा लागे. गावाकडचा रुग्ण बरं वाटलं की भातलावणीला परत जातो. दुसरा झटका आला तर पुन्हा मुंबईचा खर्च झेपतोच असं नाही, आणि झेपला तरी तो त्याच डॉक्टरकडे जाईल याची खात्री नसते. एमएस इकडे दुर्मीळ दिसत होता, यामागे आजाराचा स्वभाव होता तसा या तुटलेल्या भेटींचाही वाटा असणार.

वाडियांची ताकद होती ती नजर आणि चिकाटी यांत. १९७१ मध्ये त्यांनी आर. के. स्वामी यांच्यासह एका आनुवंशिक आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. काही कुटुंबांत माणसांचा तोल जात होता, आणि त्यांचे डोळे एका वस्तूवरून दुसरीकडे वळताना चमत्कारिक सावकाश वळत होते. डोळ्यांची ती मंद चाल त्यांनी नुसत्या निरीक्षणातून वेगळी काढली. हा स्वतंत्र आजार ठरला आणि १९९६ मध्ये त्याचा जनुक सापडला. आज तो एससीए-२ म्हणून ओळखला जातो. त्याच १९७१ साली डोळे येण्याची मोठी साथ आली होती. साथ ओसरल्यावर काहींचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डोळ्यांची साथ आणि पायांचा लकवा यांचा संबंध वाडिया, इराणी आणि कात्रक यांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. डोळ्यांत सुरू झालेली गोष्ट पायांत कशी उमटते, हे जोडून बघण्याची सवय एमएसच्या कामाला फार उपयोगी पडणारी होती.

पारशी वाड्यांतला हिशोब

१९७५ मध्ये वाडिया आणि डॉ. भीमसेन सिंघल यांचा निबंध ‘जर्नल ऑफ द न्यूरॉलॉजिकल सायन्सेस’मध्ये आला. विषय होता मुंबई परिसरातला मल्टिपल स्क्लेरोसिस. काटेकोर वैद्यकीय तपासणीच्या आधारावर हे लिहिलं आहे, असं निबंधाच्या शीर्षकातच नोंदलं होतं, कारण शंका घेणारे समोर बसलेले होते. मेंदूचं शवविच्छेदन आपल्याकडे क्वचित होई, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दाखवणं अवघड होतं. मग तपासणीच इतकी चोख करायची की बोट ठेवायला जागा उरू नये, हाच मार्ग होता. सिंघल पुढे बॉम्बे हॉस्पिटलमध्ये या विषयाचा मोठा आधार झाले.

आजार आहे हे ठरलं. किती आहे, हे सांगायला मात्र रुग्णालयातले आकडे चालत नाहीत. रुग्णालयात येतात ती पोचू शकणारी माणसं. न आलेल्यांचा हिशोब लावायचा तर खाली छेद म्हणून एक निश्चित लोकसंख्या हवी. ती मुंबईत एका समाजाकडे तयार होती. पारशी संख्येने थोडे. आपापल्या बागांत आणि कॉलन्यांत एकवटून राहणारे. पंचायत, विश्वस्त निधी आणि स्वतःचं जनरल हॉस्पिटल असलेले. शिकलेले आणि डॉक्टरकडे वेळेवर जाणारे. लग्नं बहुतांश आपसात. रोगाची मोजणी करणाऱ्याला याहून सोयीचा समाज मिळणं कठीण.

केईएम रुग्णालयाचे ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्ट डॉ. एडी भरुचा आणि डॉ. नादिर भरुचा यांनी अमेरिकेतले रोगगणनातज्ज्ञ ब्रूस शोनबर्ग यांच्या सहकार्याने मुंबईच्या पारशी कॉलन्यांत घरोघर पाहणी केली. १४,०१० माणसं त्यात आली. फेफरं किती जणांना, कंपवात किती जणांना, असं एकेक मोजलं गेलं. कंपवाताचं प्रमाण लाखामागे ३२८ निघालं आणि ते जगातल्या वरच्या आकड्यांत जमा झालं. एमएसवरचा निबंध १९८८ मध्ये आला; त्यात प्रमाण होतं लाखामागे २१. पाठोपाठ १९९० मध्ये वाडिया आणि के. भाटिया यांनी मुंबई व पुण्याच्या पारशांचा हिशोब मांडला, तो लाखामागे २६ भरला.

या दोन आकड्यांचं मोल वेगळ्या कारणासाठी आहे. लाखाला पंचवीस म्हणजे चौदा हजार माणसांत जेमतेम तीन-चार रुग्ण. एक चुकला तरी उत्तर बदलतं. तेव्हा दोन वेगवेगळ्या पाहण्यांनी जवळपास एकाच ठिकाणी पोचावं, याला वजन येतं.

मग प्रश्न उभा राहिला. हा समाज मुंबईच्याच उन्हात राहतो, तेच तलावाचं पाणी पितो, त्याच लोकलने फिरतो. अक्षांशही तोच, साधारण १९ अंश उत्तर. कर्जतही त्याच पट्ट्यात येतं. विषुववृत्तापासून जितकं लांब तितका एमएस जास्त, हा तेव्हाचा प्रसिद्ध सिद्धांत. त्या हिशोबाने पारशांचं प्रमाण शेजाऱ्यांइतकंच असायला हवं होतं, पण ते बरंच जास्त निघालं. म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी इराणातून आलेल्या पूर्वजांनी रक्तातून काहीतरी बरोबर आणलं असणार. खुद्द इराणातही गेल्या काही दशकांत एमएसचे रुग्ण बरेच वाढलेले दिसतात. तरीही पारशांचा आकडा उत्तर युरोपच्या मानाने लहानच. तिकडे अनेक देशांत तो लाखामागे शंभराच्या पुढे जातो. बीज महत्त्वाचं, तशी जमीनही, असा निकाल या आकड्यांतून निघाला.

जमिनीची बाजू ब्रिटनमधून पुढे आली. भारतीय उपखंडातून तिथे गेलेल्या पहिल्या पिढीत एमएस कमी होता. त्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत मात्र तो स्थानिक ब्रिटिशांच्या पातळीकडे सरकला. हे संशोधन १९९० चं. ज्यांची मुलं-नातवंडं लंडन, टोरांटो, न्यू जर्सीत वाढत आहेत, त्या मराठी घरांनीही ते माहीत करून घ्यावं असं आहे. २०२२ मध्ये आणखी एक दुवा सापडला. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या साठवलेल्या रक्ताचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका बत्तीस पटींनी वाढतो, असं त्यात दिसलं. हा विषाणू जगात बहुतेक प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो. आपल्याकडे तो बहुतेकांना लहानपणीच, न कळत होऊन जातो. पाश्चात्त्य देशांत अनेकांना तो वयात येताना होतो. राहणीमान बदललं की लागणीचं वय बदलतं. तेव्हा ‘इकडे कमी आहे’ हे विधान उद्याही खरं राहील, असं कुणी धरून चालू नये.

सारखा दिसणारा दुसरा

मुंबईच्या आणि एकूणच आशियातल्या डॉक्टरांना पूर्वीपासून एक गोष्ट खटकत होती. इथल्या अनेक रुग्णांत डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवरच घाव पडत होता, मेंदू त्या मानाने शाबूत. २००४ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या वांडा लेनन यांच्या गटाने काही रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधलं आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा निराळा आजार रक्ततपासणीने ओळखता येऊ लागला. आपल्याकडे एमएस म्हणून गणलेले काही रुग्ण प्रत्यक्षात या दुसऱ्या आजाराचे होते. हा फरक पुस्तकी नाही. एमएसवरची काही औषधं या आजारात दिली तर रुग्ण बिघडतो. म्हणून जुनी काटेकोर टिपणं कामाला येतात: नवी चाचणी आली की कोणता रुग्ण कोणत्या खणात, ते पुन्हा लावून बघता येतं.

वाडिया १९७३ मध्ये सुरू झालेल्या जसलोक रुग्णालयात न्यूरॉलॉजीचे प्रमुख झाले आणि पुढची अनेक दशकं तिथे काम करत राहिले. आपल्याकडच्या न्यूरॉलॉजीवर भारतीय नजरेतून लिहिलेला मोठा ग्रंथ त्यांनी संपादित केला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांच्या बरोबरीने संपादक होते डॉ. सतीश खाडिलकर, ज्यांनी जे. जे. मधला न्यूरॉलॉजी विभाग पुढे सांभाळला. २०१२ मध्ये वाडियांना पद्मभूषण मिळालं. २०१६ मध्ये ते गेले.

औषध आहे, पण कुणापर्यंत

वाडिया परतले तेव्हा एमएसवर देण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. आज झटका आला की स्टिरॉइडची सलाइन तीन ते पाच दिवस देतात. त्याने झटका लवकर ओसरतो. पुढचे झटके टाळण्यासाठी १९९३ मध्ये अमेरिकेत पहिलं इंटरफेरॉन मंजूर झालं आणि त्यानंतर औषधांची रीघ लागली. लवकर सुरू केलं तर पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षं चालते-फिरते राहतात. अडचण किमतीची. इथे भारतीय औषधकंपन्यांनी एक दार उघडलं. रिटुक्सिमॅब हे मुळात रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. त्याची देशी आवृत्ती २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने आणली, किंमत उतरली आणि न्यूरॉलॉजिस्ट ते एमएसमध्ये वापरू लागले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठीची औषधं प्रथमच आवश्यक औषधांच्या यादीत घातली, त्यात रिटुक्सिमॅब आहे.

रुग्णांची बाजू लावून धरणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये रेहमत फजलभॉय यांनी मुंबईत सुरू केली. कायद्यानेही पाऊल टाकलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजले आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. पण हा आजार चढ-उताराचा. तपासणीच्या दिवशी रुग्ण बरा चालत असेल तर टक्केवारी कमी भरते, आणि लाभ बहुतांशी चाळीस टक्क्यांच्या पुढेच सुरू होतात.

कर्जत-खालापूरच्या रुग्णाची यात आणखी एक कुतरओढ होते. त्याचा आजार मुंबईकडे बघतो आणि कागद अलिबागकडे. जिल्ह्याचं मुख्य सरकारी रुग्णालय अलिबागला. कर्जतहून खोपोली, पेण करत जायचं. उपचाराला मात्र उलट्या दिशेची लोकल धरायची. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, चौकला ग्रामीण रुग्णालय आहे, खोपोलीत खासगी दवाखाने भरपूर. नसांचे डॉक्टर मात्र मोठ्या शहरांत एकवटलेले.

त्यात उन्हाची भर. शरीर तापलं की मायलिन गेलेल्या तंतूंतून निरोप आणखी अडखळतो. श्रमाने रुग्णाची लक्षणं तात्पुरती वाढतात, हे जर्मन डॉक्टर उटहोफ यांनी १८९० मध्येच टिपलं होतं. घाटाखालचा एप्रिल-मे, भाताच्या खाचरातलं काम, खोपोली-रसायनीच्या कारखान्यातली भट्टीजवळची पाळी, पावसाळ्यातला ताप: यांतल्या कशानेही जुनी लक्षणं डोकं वर काढतात आणि गारव्यात पुन्हा शमतात. घरच्यांना वाटतं, काम आलं की हिचं दुखणं सुरू होतं. ते ढोंग नसतं. हे गावातल्या आशा कार्यकर्तीला आणि कारखान्यातल्या सुपरवायझरला एकदा समजलं, तरी निम्मा छळ थांबेल.

मोजणी जमते, हे सिद्ध झालेलं आहे

खेड्यापाड्यांत असले आजार मोजणं अशक्य आहे, असं कुणी म्हणेल तर त्याला दोन उत्तरं इथेच मिळतात. पहिलं कुष्ठरोगाचं. तोही मज्जातंतूंचा आजार. हातापायांच्या नसांवरचं आवरण सांभाळणाऱ्या पेशींतच त्याचा जंतू घर करतो. गेल्या काही वर्षांत कुष्ठरुग्ण शोधायला कर्मचारी आणि आशा घरोघर जातात, चट्टा दिसला की तपासायला पाठवतात. दुसरं उत्तर पोलिओचं. १९९७ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की ती बातमी आरोग्य यंत्रणेला कळवायची, अशी देशभर व्यवस्था झाली. वाडी-वस्तीवरूनही बातमी येऊ लागली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. चौदा वर्षांच्या मुलीचा पाय लुळा पडला तर यंत्रणा हलते. बावीस वर्षांच्या मुलीचा पडला तर तिच्यासाठी रकाना नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने एमएस आणि त्याच्या भावंड आजारांची देशव्यापी नोंदवही अलीकडे सुरू झाली आहे. ती मोठ्या रुग्णालयांच्या आधारावर चालते. म्हणजे पुन्हा पोचलेल्यांचीच मोजदाद. वाडिया-भरुचांनी ज्या मर्यादेवर मात केली, तीच. पारशी समाजाकडे पंचायत होती. कर्जत-खालापूरकडे ग्रामपंचायती, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दारोदार ओळख असलेल्या आशा आहेत. चार लाख ही मोजणीला आटोक्यातली संख्या आहे. एक मेडिकल कॉलेज, दोन तालुका आरोग्य अधिकारी आणि महिन्याकाठी एक दिवस इकडे येणारा एक न्यूरॉलॉजिस्ट, एवढ्यावर हे काम उभं राहू शकतं. आशांच्या हाती चारच प्रश्न द्यावेत. पन्नाशीच्या आतल्या कुणाची एका डोळ्याची नजर काही दिवसांत मंदावली का? हात किंवा पाय लुळा, बधिर झाला आणि काही आठवड्यांत सुधारला का? लघवीचा ताबा अचानक गेला होता का? असं एकापेक्षा जास्त वेळा झालं का?

तोवर वाचकांनी आपल्यापुरतं एवढं करावं. घरातल्या तरुण माणसाला असं काही झालं तर ते आपोआप बरं झालं म्हणून सोडून देऊ नका. झाल्याची तारीख लिहून ठेवा, जुन्या चिठ्ठ्या आणि एमआरआयच्या फिल्म जपून ठेवा आणि एकदा तरी नसांच्या डॉक्टरला दाखवा. आधीचा झटका विसरू नका, त्यांना तो आवर्जून सांगा; निदान बहुधा त्यातच असतं. आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला एकच विनंती: हा आजार आमच्याकडे दुर्मीळ आहे असं म्हणायच्या आधी तो एकदा मोजा.